पीक जळाल्यावरची मालकी

ती घटना मनातून पुसली गेली असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात डोकं फुटून चार टाके घालून घेतले. पण बाई, तुम्ही थक्क कधी झालात, असं कुणी विचारलं की मला राहनाळ गावची एक म्हातारी आणि हिरवट रंगाचे दोन कागद आठवतात. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, आणि जी आहेत त्यांना नातवंडं आहेत.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं ती. मी भिवंडीच्या ठाण्यात महिला शिपाई होते. अख्ख्या ठाण्यात बायका आम्ही दोघीच. सातवी पास होऊन भरती झालेली मी. पुढे जे काही शिकले ते ठाण्याच्या रजिस्टरांतून, कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून आणि रद्दीवाल्याकडच्या पुस्तकांतून. आमची कामं ठरलेली होती. आरोपी बाई असली तर झडती घ्यायची, साक्षीदार बाई असली तर जबाबाच्या वेळी शेजारी बसायचं, आणि जिला सही येत नाही तिचा अंगठा घ्यायचा. हे शेवटचं काम बाकीच्यांना हलकं वाटे. मला कधी वाटलं नाही. शेकडो अंगठे मी माझ्या हातात धरून शाईवर टेकवलेत. अंगठा धरला की बाई काय काम करते ते न विचारता कळतं, बघा.

एका दुपारी एक कामगार मला शोधत ठाण्यात आला. उत्तर प्रदेशातला माणूस, राहनाळजवळच्या एका कंपनीत बॉयलरवर होता. लूमवर चढवण्याआधी सुताला कांजी देतात, ते काम करणारी कंपनी. सगळे तिला सायझिंग म्हणत. त्याच्या बायकोच्या एका तक्रारीत मी पूर्वी धावपळ केली होती, म्हणून त्याला माझ्यावर भरवसा. तो आधी इकडंतिकडं बघत राहिला. मग सांगू लागला, बॉयलर थंड पडलाय, बँकेचे लोक येऊन यंत्रांची यादी करून गेलेत, कंपनी पुढच्या दोन-चार महिन्यांत मोडीत निघणार. आणि कंपनीचे धाकटे शेठ सध्या रोज गावात फिरतायत.

"बाईजी, वो गाँववालों के पुराने शेअर के काग़ज़ ले रहे हैं और अपने काग़ज़ दे रहे हैं, मिठाई के साथ," तो म्हणाला. "अब आप बताओ, जो नाव डूबने वाली है, उसमें कोई अपनी जगह क्यों बदलेगा?"

प्रश्न बिनतोड होता. मी फौजदार साहेबांकडे गेले. साहेब चांगले होते, पण चेष्टा केल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. म्हणाले, "बाई, चोरी झाली का? नाही. मारामारी? तीही नाही. शेअर म्हणजे दिवाणी बाब. उद्या तुम्ही लोकांची लग्नं जुळवायला लागाल." मी हलले नाही तेव्हा म्हणाले, "जाऊन या. जीप मिळणार नाही, आणि चहा आपल्या पैशानं प्यायचा."

गेले चालत.

म्हातारी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. सत्तरीची असेल. घरात तिची विधवा झालेली मुलगी आणि मुलीची दोन लेकरं. पोलीस म्हटल्यावर लोक घाबरतात, ही घाबरली नाही. सूप बाजूला सारून तिनं मला जागा करून दिली आणि सगळं सांगितलं.

दहाएक वर्षांपूर्वी थोरले शेठ, म्हणजे या धाकट्यांचे काका, कंपनीसाठी जमीन घ्यायला आले होते. अकरा घरांची भातशेती गेली. निम्मी किंमत त्यांनी रोख दिली आणि निम्म्या किमतीचे कंपनीचे भाग दिले. थोरले शेठ याच ओट्यावर बसून म्हणाले होते, तुमची जमीन घेतली, तेव्हा तुमचं आधी. वर्षाला ठरलेली रक्कम तुम्हाला मिळेल, मी एक पैसा घेण्याच्या आधी. तशीच ती दर दिवाळीनंतर यायची. म्हातारी त्या पैशात वर्षाचं भात भरायची. जिच्या शेतात भात पिकायचं ती आता भात विकत घेत होती, पण घर चालत होतं. मग थोरले शेठ वारले, पुतण्या गादीवर आला, आणि दोन वर्षं झाली, पैसे आले नव्हते. शेताच्या जागी जो कागद उरला होता, तोही या चैत्रात धाकट्या शेठनं बदलून नेला होता.

तिनं पेटीतून नवा कागद काढून दाखवला. हिरवट रंग, वर कंपनीचं चित्र, खाली शिक्का. आजूबाजूच्या घरांतलेही पाहिले, तसेच. जुना कसा होता विचारलं, तर सगळे म्हणाले, अगदी असाच. फक्त वरच्या ओळीतला एक शब्द वेगळा होता.

"मग बदललात कशाला, आजी?" मी विचारलं.

तिनं कागद परत पेटीत ठेवला. "मालक म्हंटला त्यो मना."

"म्हणजे?"

"धा वरसं झाली जमीन जाऊन. तवापास्नं मालक कुनी म्हंटला न्हाय. त्यो म्हंटला, आजी, तुमी नुस्ता ठरलेला घेऊन घरात बसता. मालक व्हा. सभंत बसा, हात वर करा. नफा झाला त चौपट तुमचा." तिनं हाताकडे पाहिलं. "मी अंगठा दिला. सगल्यांनी दिला."

परत येताना मला वाटेत दुसरं काही सुचेना. मी शेतकऱ्याच्याच घरातली. जमीन गेलेल्या माणसाला पैशाची लालूच दाखवली तर तो दहादा विचार करील. पण मालक अशी हाक मारली की त्याचा हात आपोआप पुढे होतो. धाकट्या शेठनं नेमकी हीच जागा हेरली होती.

आता तो एक शब्द कळायला हवा होता. भिवंडीच्या कोर्टात निवृत्तीला आलेले एक शिरस्तेदार होते. त्यांना मी विचारलं, भाग म्हणजे भाग, त्यात दोन जाती कशा? त्यांनी जाड इंग्रजी पुस्तक काढलं आणि बोट ठेवून मराठीत सांगत गेले. मी वहीत उतरवून घेतलं. एक असतात साधारण भाग. ते ज्याच्याकडे, तो मालक; सभेत मत त्याचं, राहिलेला सगळा नफा त्याचा, आणि नफा नसेल तर हात हलवत घरी. दुसरे अग्रहक्काचे भाग, इंग्रजीत ज्याला प्रेफरन्स म्हणतात. त्यांना ठरलेला लाभांश, तो साधारण भागवाल्यांच्या आधी. कंपनी कितीही फोफावली तरी ठरल्यापेक्षा जास्त नाही. एरवी सभेत मत नाही. पण कंपनी बुडाली तर कामगारांचे पगार, बँक आणि बाकीची देणी फिटल्यावर जे उरेल, त्यातून आधी अग्रहक्कवाले, आणि त्यातूनही उरलं तर साधारण भागवाले.

वही घेऊन मी पुन्हा राहनाळला गेले. म्हातारीला एकेक ओळ वाचून दाखवली. मला भीती होती की तिला काही कळणार नाही, कारण खरं सांगायचं तर मलाच अर्धं कळलं होतं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. वाचून झालं तेव्हा म्हणाली, "म्हंजी सुताराचं बलुतं."

आणि मग तिनं मला शिकवलं. तिच्या सासऱ्याच्या खळ्यावर झोडणी झाली की रास घरात जायच्या आधी सुताराचं माप निघायचं. पीक उदंड येवो की बेताचं, सुताराला मापं तेवढीच. काय पेरायचं, कधी पेरायचं, कुणाला विकायचं, हे त्याला कुणी विचारत नसे. उरलेलं मालकाचं, चांगल्या वर्षी कणगी भरून, वाईट वर्षी सुताराचं माप घालून झाल्यावर खळं झाडून घरी. "मालकाला मान मोटा," ती म्हणाली, "पन पयला दाना सुताराचा."

मी वहीतली शेवटची ओळ वाचली. अशा भागवाल्यांना दोन वर्षं लाभांश मिळाला नाही तर त्यांनाही सभेत प्रत्येक गोष्टीवर मत देता येतं. म्हातारी हसली. तिच्या गावात एकदा दोन हंगाम सुताराचं माप राहिलं होतं. तिसऱ्या हंगामाला तो बायकापोरांसकट खळ्यावर येऊन उभा राहिला आणि माझ्याशी बोलल्याशिवाय रास उचलायची नाही म्हणाला. त्या दिवशी मालकाला त्याचं ऐकावं लागलं.

मी थक्क झाले, खरंच सांगते. कुठं ते जाड इंग्रजी पुस्तक आणि कुठं हे राहनाळचं खळं. कुणी कुणाचं पाहून लिहिलेलं नाही, आणि दोन्हीकडे हिशोब तोच. मी त्या म्हातारीकडे बघतच राहिले. ती मात्र आता सुपाकडे बघत नव्हती. तिचे हात थांबले होते.

"म्हंजी पोरी," ती सावकाश म्हणाली, "मना त्यानं सुताराच्या जागवरना उठवला आनी मालकाच्या जागंव बसवला. पीक जललं तवा."

फौजदार साहेबांना मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चेष्टा केली नाही. पानाचा डबा मिटला आणि म्हणाले, "बाई, फिर्याद घ्या." चारशे वीस कलमाखाली गुन्हा नोंदला गेला.

पण शेठ कच्चा नव्हता. कंपनीच्या कचेरीतून आम्ही भागधारकांचं रजिस्टर आणि अदलाबदलीचे अकरा अर्ज पंचनामा करून ताब्यात घेतले, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. अर्जांवर या चैत्राची तारीख नव्हतीच. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधला एक दिवस होता, अकराही अर्जांवर तोच. त्याचा डाव आता कळला. बुडण्याच्या तोंडावर आपले साधारण भाग गावाला देऊन त्यांचे अग्रहक्काचे घेतले असं दिसलं असतं तर कोर्टानं एका फटक्यात रद्द केलं असतं. दोन वर्षांपूर्वी, कंपनी धडधडीत चालत असताना, लोकांनी राजीखुशीनं बदलले म्हटल्यावर कोण काय बोलणार? शिवाय दोन वर्षांचा थकलेला लाभांशही गावाला द्यायला नको. गावकरी म्हणत होते चैत्रात अंगठा दिला. कागद म्हणत होता आषाढात. आणि कोर्टात कागद बोलतो.

धाकटे शेठ चौकशीला आले ते पांढरेशुभ्र कपडे घालून, वकिलाला बाहेर बसवून. आवाज चढवणारा माणूस मोडायला सोपा असतो, हे मी नोकरीत शिकले. हा गोड बोलत होता. साहेब विचारत होते, मी दाराशी उभी होते. साहेबांनी विचारलं, एकाच दिवशी अकरा घरं कशी आली?

"मीच बोलावलं होतं," शेठ म्हणाले. "सकाळी सगळे कचेरीत आले, बाकावर बसून चहा घेतला, अंगठे दिले. दुपारपर्यंत बसले होते गप्पा मारत."

"जुलैमध्ये?"

"पाऊस होता ना धो धो. शेतीची कामं बंद. सगळे रिकामेच होते बिचारे."

साहेबांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. साहेब खेड्यातले, मीही. शेठला कळेचना की आम्ही दोघं एकमेकांकडे का बघतोय. भातशेतीच्या मुलखात जुलैचा धो धो पाऊस म्हणजे आवणी, भाताची लावणी. पोरंसोरं, म्हाताऱ्या, बाळंतपणातून नुकती उठलेली बाई, सगळी गुडघाभर चिखलात. जमीन गेलेली माणसंसुद्धा दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. त्या पंधरा दिवसांत घरात मढं पडलं तरी चार माणसं मिळवायला धावावं लागतं. आणि हा म्हणतो, अकरा घरं बाकावर बसून चहा पीत होती. पॉवरलूमच्या शेडमध्ये वाढलेला माणूस. पाऊस म्हणजे सुट्टी, एवढंच त्याला ठाऊक.

मला मग अंगठे आठवले. अर्जांवरचे अकरा ठसे मी खिडकीपाशी नेऊन पाहिले. एकेक रेघ सुटी, चित्र काढल्यासारखी. मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन त्याच दोन वर्षांपूर्वीच्या जुलैचे बायकांचे जबाब काढले. वळ गावची एक बाई, खारबावच्या दोघी. सगळे अंगठे मीच घेतलेले. शाईचे नुसते डाग. आवणीत दिवसभर रोपं उपटून, मुठी बांधून, पाण्यात बोटं कुजतात. कातडी पांढरी होऊन सुटते, अंगठ्याला चिरा पडतात. त्या दिवसांत तीन-तीनदा टेकवला तरी रेघ उठत नाही. मी दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. साहेब दोन्हींवर वाकले आणि म्हणाले, "बाई, हे मला वीस वर्षांत दिसलं नाही."

कंपनीच्या कारकुनाला समोर बसवून हेच दोन कागद दाखवले. तो बापडा दहा मिनिटं टिकला. अर्ज याच चैत्रात छापून घेतले, तारखा शेठनं सांगितल्या, छापखान्याची पावती अजून आपल्या कपाटात आहे, असं त्यानं स्वतःहून सांगितलं. पावती मिळाली.

खटला उभा राहिला तो पुढच्या वर्षी, आणि म्हातारीच्या साक्षीची तारीख लागली नेमकी आवणीत. ती शेतातून थेट आली होती. लुगड्याच्या काठाला चिखल तसाच. साक्ष नोंदवून झाली, मॅजिस्ट्रेट साहेबांनी अंगठा घ्यायला सांगितलं. कारकुनानं तिचा अंगठा एकदा टेकवला, पुसून पुन्हा टेकवला, तिसऱ्यांदा टेकवला. शेठचे वकील म्हणाले, नीट घ्या, ठसा येत नाहीये.

"साहेब," म्हातारी मॅजिस्ट्रेटांना म्हणाली, "ह्या दिसांत ह्यो अंगठा माजा न्हाय. चिखलाचा हाय."

मॅजिस्ट्रेटांनी जुलैची तारीख असलेला तिचा अर्ज फायलीतून काढला आणि तो ओला डाग त्याच्या शेजारी धरला. मग दोन्ही कागद त्यांनी शेठच्या वकिलांपुढे सरकवले.

शेठला शिक्षा झाली. वरच्या कोर्टानं अदलाबदल रद्द केली आणि अकरा घरं आपल्या जुन्या जागी आली. कंपनी मात्र वाचली नाही. यंत्रं विकली, जागा विकली. कामगारांचं भागलं, बँकेचं भागलं, देणेकऱ्यांचं फिटलं. त्यानंतर जे उरलं ते अग्रहक्कवाल्यांना पुरतंसुद्धा नव्हतं. रुपयामागे दहा आणे आले. साधारण भागवाल्यांना काहीच नाही. जुलैची ती तारीख टिकली असती तर राहनाळला या दहा आण्यांतला एकही आला नसता.

पैशांच्या कागदांवर अंगठे द्यायला सगळ्यांना मुंबईच्या सरकारी कचेरीत बोलावलं होतं. म्हातारीनं मला सोबत ओढलं. मी रजा टाकली. तिथं बाकाच्या टोकाला थोरल्या शेठची बायको उभी होती. साधी पांढरी साडी, हातात साधारण भागांचा जाड गठ्ठा. कारकुनानं तिला सांगितलं, तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. तिनं मान हलवली, पण ती निघेना. पुतण्यानं स्वतःचे भाग बदलून घेतले होते, काकीचे तसेच बुडू दिले होते.

म्हातारीनं तिला ओळखलं. सरकून बाकावर जागा केली आणि म्हणाली, "बस गो बाय." मग स्वतःचा परत मिळालेला जुना हिरवट कागद तिच्या मांडीवर ठेवला. "तुज्या धन्यानं आमाला पुडं बसवला आनी तुमी सगली मागं बसलात. असा मानूस मी पायला न्हाय."

त्या बाईनं कागद वाचला नाही. खालच्या कोपऱ्यात थोरल्या शेठची सही होती, तिच्यावर नुसतं बोट फिरवत राहिली.

नोकरीत मला वाटायचं, कायदा म्हणजे धरपकड. माणूस खोटं बोलतो, आपण त्याला पकडायचं. या प्रकरणानं मला दुसरी बाजू दाखवली. एका माणसानं चांगल्या दिवसांत, कुणी जबरदस्ती केलेली नसताना, वाईट दिवसांत आधी कुणी जेवायचं ते लिहून ठेवलं आणि आपल्या घराचं पान शेवटी मांडलं. तो गेला, त्याची कंपनी गेली, घरातल्याच माणसानं त्याचा शब्द विकायला काढला, आणि तरी तो शब्द उभा राहिला. त्याला उभं करायला आमच्यासारख्या शिपायांचा आणि चिखलानं भरलेल्या एका अंगठ्याचा हातभार लागला, एवढंच. त्यानंतर ठाण्यात कुठलीही बाई कागद घेऊन आली की मी आधी तो पूर्ण वाचत असे, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असा, आणि मगच तिचा अंगठा हातात घेत असे.